जुन्या शर्टाचा जमाखर्च

या सदरात आजवर विमा, निवृत्तीचे खाते, कोलेस्टेरॉल अशा भारदस्त विषयांवर जाणकारांनी लिहिले आहे. मी जाणकार नाही. शिक्षणाने इंजिनियर, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर आणि फावल्या वेळात नवशिका शिंपी! थ्रिफ्ट स्टोअरमधून जुने कपडे आणायचे, उसवायचे आणि त्यांचे दुसरे काहीतरी शिवायचे, हा माझा उद्योग. तो कसा सुरू झाला आणि त्यात खरोखर किती पैसे वाचले, याचा हिशेब आज मांडतो.

२०२३ च्या जानेवारीत माझी नोकरी गेली. एच-१बी व्हिसावर असलेल्याला अशा वेळी दुसरी नोकरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. ते दिवस कसे गेले हे सांगत बसत नाही. एक्कावन्नाव्या दिवशी नोकरी मिळाली, पगार मात्र कमी. मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे माझी झोप उडाली आणि नोकरी मिळाल्यावरही ती परत आली नाही. दुसरी म्हणजे बायकोने आदल्या वर्षाची क्रेडिट कार्डाची सगळी बिले जेवणाच्या टेबलावर पसरली आणि रंगीत पेनांनी खुणा केल्या. आम्हा तिघांच्या कपड्यांवर वर्षात २,१४० डॉलर गेले होते! त्यातले निम्मे कपडे कोणते, हे दोघांनाही आठवेना.

डॉक्टरांनी सांगितले, झोपण्यापूर्वी तासभर तरी पडद्यासमोर बसू नका. आता पडदा सोडून मला दुसरे काय येते? शेजारच्या गल्लीत गराज सेल लागला होता. तिथे एक शिवणयंत्र ६० डॉलरला दिसले. आईचे पायमशीन बघत लहानाचा मोठा झालो असल्यामुळे मोह झाला आणि उचलून आणले.

पहिला प्रयोग मुलीच्या फ्रॉकचा. पुरुषाचा एक्स्ट्रा लार्ज सुती शर्ट चार डॉलरला आणला. युक्ती सोपी आहे. शर्ट उलटा फिरवायचा, म्हणजे पुढची बटणपट्टी फ्रॉकच्या पाठीवर येते आणि काजे करण्याचा त्रास वाचतो. खालची दुमड तशीच ठेवायची, म्हणजे घेराचे काम आयते झालेले. बाह्या आणि कॉलर काढून मुंडे व गळा तेवढा बेतायचा. मी उत्साहाच्या भरात शर्ट न धुता कापला. शिवून धुतल्यावर फ्रॉक आटला आणि मुलीच्या डोक्यातून जाईना! कोड चुकला तर मागची आवृत्ती परत आणता येते, पण कापड एकदा कापले की कापले. दुसरा शर्ट आणला, आधी धुतला, मग कापला. हा फ्रॉक अंगात गेला.

रविवारी सांगलीला व्हिडिओ कॉल लावून मोठ्या अभिमानाने आईला तो दाखवला. आईने विचारले, "कुणाचा रे शर्ट हा?"

"काय माहीत! दुकानातून आणला, चार डॉलरला."

"म्हणजे कुणाचा तरी अंगावरून उतरलेला?" एवढे बोलून तिने फोन बाबांच्या हातात दिला.

आपल्याकडे जुने कपडे बोहारणीला देऊन पातेले घ्यायची पद्धत, जुने विकत आणायची नव्हे. तेव्हा हा जुन्या पिढीचा सोवळेपणा असेल असे मला वाटले. पुढचे दोन रविवार आई फक्त हवापाण्यावर बोलली. शेवटी बाबांनी एकटे असताना उलगडा केला. बाबा एस.टी.त कंडक्टर होते. त्यांच्या जुन्या खाकी पँटी उसवून आई माझ्या शाळेच्या चड्ड्या शिवायची. चौथीत असताना मी म्हणे एकदा रडत घरी आलो होतो. पोरे "तिकीट, तिकीट" म्हणून चिडवतात, मला नव्या कापडाची चड्डी पाहिजे, असा हट्ट धरला होता. मला यातले काही आठवत नाही. आईला सगळे आठवते. याच्यावर पुन्हा ही वेळ येऊ द्यायची नाही, असे तिने त्या दिवशी ठरवले होते. आणि हा इंजिनियर होऊन, अमेरिकेत जाऊन, स्वतःच्या मुलीला परक्याच्या शर्टाचा फ्रॉक घालतो! नोकरी गेल्याचे आम्ही घरी कळवले नव्हते. तिने मात्र ओळखले होते.

त्या रात्री आईला सगळे खरे सांगितले. नोकरी गेल्याचे, मिळाल्याचे आणि झोपेचेही. मग म्हणालो, "आई, ती खाकी चड्डी तीन वर्षे टिकली, एवढे मला आठवते."

"टिकणारच. दीड इंच माया ठेवली होती. दर वर्षी थोडी सोडायची." जरा थांबून ती म्हणाली, "तो फ्रॉक दाखव बघू. उलटा करून."

मी उलटा केला. "माया कुठंय? पोर वाढणार की नाही?"

तेव्हापासून ती माझी शिक्षिका आहे. तिच्याकडून आणि स्वतःच्या चुकांतून शिकलेले थोडक्यात सांगतो.

खरेदी करताना कपडा उलटा करून आतली शिवण बघा. माया भरपूर असेल तर सैल करायलाही वाव राहतो. कपडा उजेडासमोर धरा. काखेत, कोपरावर किंवा बैठकीत विरला असेल तर घेऊ नका. नेहमी मोठे माप घ्या, कारण लहान करता येते, मोठे करणे कठीण. नवशिक्यांनी विणलेल्या, न ताणणाऱ्या सुती कापडापासून सुरुवात करावी. घरी आणताच कपडा धुवावा आणि कापडाला सोसत असेल तर ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर निदान अर्धा तास फिरवावा, म्हणजे ढेकणांची भीती राहत नाही आणि आटायचे ते आधीच आटते. साध्या सुती कापडाला ८० नंबरची सुई चालते, जीन्सला १०० ची लागते. टी-शर्टसाठी गोल टोकाची सुई घ्या, नाहीतर टाके सुटतात. आणि कापडाच्या कात्रीने कागद कापू नका!

आरोग्याची एक सूचना. पहिल्या महिन्यात मान अशी धरली की हे पडद्यापेक्षा बरे कसे, असा प्रश्न पडला. खुर्ची उंच केली, यंत्रावर दिवा लावला, अर्ध्या तासाने उठू लागलो, तेव्हा दुखणे थांबले. रात्री नऊनंतर संगणक बंद आणि मशीन सुरू, या नियमाने माझी झोप तरी हळूहळू परत आली.

आता हिशेब. २०२३ साली यंत्राला ६० डॉलर, सुया, दोरा, कात्री यांना ४८ आणि जुन्या कपड्यांना ९४, असे एकूण २०२ डॉलर गेले. त्यातून ११ कपडे वापरण्याजोगे झाले, तीन वाया गेले. तसे ११ कपडे दुकानात सरासरी २५ डॉलरने २७५ ला पडले असते. म्हणजे शिवून वाचले ७३ डॉलर! त्यासाठी अंदाजे १२० तास बसलो. तासाला साठ सेंट. या पगारावर कोणी नोकरी करणार नाही.

पण त्या वर्षी नव्या कपड्यांचा खर्च ६१० वर आला होता. सगळे धरून ८१२. म्हणजे आदल्या वर्षापेक्षा १,३२८ डॉलर कमी, आणि त्यातले १,२५५ न घेतलेल्या कपड्यांचे. एक बाही नीट बसवायला माझी एक संध्याकाळ जाते. आता आठ डॉलरच्या नव्या शर्टापुढे उभा राहिलो की शिवणाऱ्याच्या हाती काय पडले असेल, हा विचार येतो. आत हात घालून बघावे तर माया नसते, टीप आताच निघत असते. मी तो परत टांगून ठेवतो. या देशाच्या पर्यावरण खात्याच्या आकडेवारीनुसार २०१८ साली १.१३ कोटी टन कापड कचराभूमीत गेले. त्यात आमच्या घरचेही होतेच.

वाया गेलेले कपडे दान करून करसवलत मिळेल असे समजू नका. सवलतीसाठी कपडा चांगल्या स्थितीतला लागतो, आणि ती वजावटी एकेक करून मांडणाऱ्यांनाच मिळते. पावती जपून ठेवा. वर्षभरातले वस्तुदान ५०० डॉलरच्या वर गेले तर फॉर्म ८२८३ भरावा लागतो. माझे तीन बिघडलेले कपडे भांडी पुसायला लागले.

मुलगी आता तो पहिला फ्रॉक घालत नाही, उंची वाढली. मागच्या महिन्यात आईच्या देखरेखीखाली बाजूची माया सोडली आणि खाली जीन्सची पट्टी जोडली. आणखी एक वर्ष निघेल असे आईचे म्हणणे आहे.

ज्यांच्या घरी शिवणयंत्र धूळ खात पडले असेल त्यांनी मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात मला जरूर भेटावे. सोबत एक मोठा शर्ट आणा. धुऊन आणा, एवढीच विनंती!