पटावरचे मूल आणि वर्गातले मूल

३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत महाराष्ट्रातील शाळांमध्ये एक आगळी मोहीम राबविण्यात आली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये यासाठी मतदानाच्या वेळी लावतात तशी शाई मुलांच्या बोटांना लावण्यात आली आणि वर्गावर्गांत जाऊन मुले मोजण्यात आली. त्याआधी नांदेड जिल्ह्यात अशीच पडताळणी झाली होती आणि तिच्या निष्कर्षांनी शासनाला खडबडून जागे केले होते. राज्यभरच्या या पटपडताळणीत पटावर नोंदलेली सुमारे २० लाख मुले वर्गात आढळली नाहीत. त्यांपैकी काही त्या दिवशी खरोखरच गैरहजर असतील. परंतु अनेक मुले केवळ कागदावरच जन्मली होती आणि कागदावरच एकेक इयत्ता पुढे सरकत होती.

ही घटना आता जुनी झाली. तथापि शाळांची माहिती कशी गोळा होते, ती कोणाच्या उपयोगी पडते आणि ती चुकली तर कोणाचे नुकसान होते, हे समजून घेण्यासाठी तिच्याइतके बोलके उदाहरण नाही. शाळेतून वरचेवर येणारे अर्ज, संमतिपत्रे आणि आधार कार्डाच्या मागण्या यांमुळे अनेक पालक त्रासून जातात. म्हणून या विषयाची थोडी उकल करणे आम्हांस आवश्यक वाटते.

आकडा एवढा मोलाचा का?

शाळेतील शिक्षकांची पदे विद्यार्थिसंख्येवर ठरतात. हिलाच संचमान्यता म्हणतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक व सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक असावा लागतो. पट घटला की पद जाते आणि शिक्षक अतिरिक्त ठरतो. अनुदान, पाठ्यपुस्तके आणि पोषण आहाराचे धान्यही पटावरच अवलंबून असते. प्राथमिक वर्गातील मुलामागे दररोज १०० ग्रॅम धान्य मिळते. एखाद्या शाळेने दहा खोटी नावे लिहून ती रोज हजर दाखविली, तर दिवसाला एक किलो आणि शाळेच्या २०० दिवसांत २०० किलो धान्य अशा मुलांच्या नावे उचलले जाते, ज्यांना तोंडच नाही. हे धान्य कोणाच्या तरी ताटातून गेलेले असते. शिक्षकाचे खोटे पद एका गावात निर्माण होते, तेव्हा दुसऱ्या गावी दोन वर्ग एकाच शिक्षकाच्या हाती राहतात. आकड्यातील असत्य हे केवळ कागदावरचे असत्य नव्हे, ते कोणाच्या तरी हक्कावरचे अतिक्रमण असते.

माहितीचे तीन मार्ग

आपल्या देशात शालेय माहिती मुख्यतः तीन मार्गांनी गोळा होते. प्रत्येक मार्ग वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो.

पहिला मार्ग म्हणजे शाळेने स्वतः दिलेली माहिती. १९९० च्या दशकाच्या मध्यास जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमासाठी ‘डायस’ ही पद्धत सुरू झाली. २०१२-१३ पासून ती ‘यू-डायस’ या नावाने पहिलीपासून बारावीपर्यंत विस्तारली. प्रत्येक शाळेला ११ अंकी क्रमांक असतो. वर्गखोल्या, शौचालये, पिण्याचे पाणी, शिक्षक व विद्यार्थी यांची नोंद मुख्याध्यापक दरवर्षी भरतात. महाराष्ट्रात २०१५ पासून ‘सरल’ ही संगणकीय प्रणाली आली आणि प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती स्वतंत्रपणे नोंदविली जाऊ लागली. शाळा किती, मुले किती, सोयी कोणत्या, हे या मार्गाने कळते. मूल काय शिकले, हे मात्र कळत नाही.

दुसरा मार्ग शाळेतील नमुना चाचणीचा. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण १२ नोव्हेंबर २०२१ रोजी तिसरी, पाचवी, आठवी व दहावीच्या सुमारे ३४ लाख विद्यार्थ्यांमध्ये झाले. त्यानंतर ४ डिसेंबर २०२४ रोजी ‘परख’ सर्वेक्षण तिसरी, सहावी व नववीसाठी घेण्यात आले. येथे सर्व मुलांची परीक्षा होत नाही. निवडक शाळांतील निवडक मुले तपासली जातात. भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी सगळे पातेले उपसावे लागत नाही, चार शिते पुरतात. अट एवढीच की ती शिते सोयीने वेचलेली नसावीत.

तिसरा मार्ग घरोघर जाण्याचा. १९९५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने २००५ पासून ‘असर’ ही पाहणी सुरू केली. ग्रामीण जिल्ह्यातील गावे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडली जातात, गावातून घरे निवडली जातात आणि पाच ते सोळा वर्षांच्या मुलांना एकेकटे बसवून वाचायला दिले जाते: अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा पातळ्यांवर. पाहणी घरी होत असल्यामुळे शाळेत न जाणारे आणि त्या दिवशी शाळा चुकविणारे मूलही मोजले जाते. २०२४ च्या पाहणीत ६०५ ग्रामीण जिल्ह्यांतील सुमारे साडेसहा लाख मुलांचा समावेश होता. सहा ते चौदा वयोगटातील ९८ टक्क्यांहून अधिक मुले शाळेत दाखल असल्याचे त्यात दिसले. परंतु तिसरीतील केवळ २७ टक्के मुलांना दुसरीची गोष्ट वाचता आली. शाळेत असणे आणि शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एवढ्या स्पष्टपणे पटनोंदणीने कधीच सांगितले नसते.

आकडा बदलला म्हणजे वस्तुस्थिती बदलली का?

येथे सावधगिरी हवी. यू-डायसच्या अहवालानुसार देशातील एकूण विद्यार्थी २०२१-२२ मध्ये सुमारे साडेसव्वीस कोटी होते. २०२३-२४ मध्ये तो आकडा २४ कोटी ८० लाखांवर आला. एवढी मुले दोन वर्षांत शाळा सोडून गेली काय? तसा निष्कर्ष लगेच काढता येत नाही. पूर्वी शाळा फक्त एकूण संख्या कळवीत असे. २०२२-२३ पासून प्रत्येक विद्यार्थ्याची नावानिशी नोंद मागण्यात आली. दोन शाळांत नोंदलेली नावे अशा वेळी गळून पडतात. जन्मदर घटल्याने लहान वर्गांतील मुलेही कमी होत आहेत. यांत गळतीचा वाटा किती, हे ठरविण्यासाठी केवळ बेरीज पुरत नाही. मोजण्याची पद्धत बदलली की जुन्या व नव्या आकड्यांची सरळ तुलना करू नये, हा संशोधनाचा पहिला धडा आहे.

दुसरा धडा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात मांडला. एखाद्या आकड्यावर बक्षीस अथवा शिक्षा अवलंबून ठेवली की माणसे तो आकडाच वाकवू लागतात आणि मग तो वस्तुस्थिती सांगेनासा होतो. दहावीचा शंभर टक्के निकाल हीच शाळेची ओळख ठरली, तर कच्च्या मुलाला नववीतच थोपविण्याचा मोह होतो. निकालाचा फलक उजळतो. पण घरी बसलेला तो मुलगा फलकावर कोठेच दिसत नाही.

माहितीचा खरा उपयोग

आकडेवारीचा उत्तम उपयोग शिक्षेसाठी नसून उपचारासाठी असतो. वाचनपाहणीतून ‘प्रथम’ने एक साधी पद्धत रूढ केली. तिसरी ते पाचवीच्या मुलांना दिवसातील काही वेळ इयत्तेऐवजी वाचनपातळीनुसार गटांत बसवावे आणि जे अक्षरांवर अडले आहे त्याला अक्षरांपासून शिकवावे. येथे चाचणीचा कागद वरिष्ठांकडे जाऊन फाईलमध्ये बंद होत नाही. तो शिक्षकाच्या हाती राहतो आणि दुसऱ्याच दिवशी कामी येतो.

शिक्षकांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका वगळता त्यांना अशैक्षणिक कामे देता येत नाहीत. तरीही एकच माहिती वेगवेगळ्या संकेतस्थळांवर भरण्यात त्यांचे अनेक तास जातात. ज्या माहितीचा कोणी उपयोग करणार नाही, ती मागणे म्हणजे मुलांच्या वर्गातील वेळ हिरावून घेणे होय.

पालकांनी काय करावे?

आधी नावाकडे पाहावे. आपल्या समाजात ही अडचण विशेष आहे. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर ‘डिसोजा’, आधार कार्डावर ‘डिसोझा’, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये वडिलांचे नाव आडनावाच्या जागी, असे प्रकार सर्रास आढळतात. माणसाला हा भेद क्षुल्लक वाटतो, संगणकाला मात्र ती दोन मुले वाटतात. मूल शाळेत असतानाच मुख्याध्यापकांकडे अर्ज करून दुरुस्ती करून घ्यावी. शाळा सोडल्यावर दाखल्यातील बदल फार कठीण होतो.

त्यानंतर, सही करण्यापूर्वी वाचावे. ‘अपार’ या १२ अंकी क्रमांकासाठी पालकांची संमती मागितली जाते आणि ती ऐच्छिक आहे. संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने अंमलात यावयाचे आहेत. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची संमती हे त्यातील मूळ तत्त्व आहे. शैक्षणिक कामासाठी शाळांना काही सवलती आहेत. माहिती कशासाठी हवी, कोणाला दिली जाईल, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. मुलाचे अपंगत्व, घरचे उत्पन्न अथवा परीक्षेतील गुण पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकले जात असतील, तर ते नम्रपणे पण ठामपणे थांबवावे. शाळा चालविणाऱ्या आमच्यासारख्या मंडळींनाही हाच नियम लागू आहे.

अखेरीस, पालक-शिक्षक सभेत केवळ निकालाची टक्केवारी विचारू नये. पाचवीत किती मुले दाखल झाली आणि त्यांपैकी किती दहावीला बसली? मधली मुले कोठे गेली? हे दोन प्रश्न कोणत्याही शाळेची खरी स्थिती सांगतात आणि त्यांची उत्तरे जनरल रजिस्टरमध्ये असतात. ते रजिस्टर उघडून नावे वाचली गेली, तर गळालेल्या मुलाच्या घरी जाऊन त्याला परत आणण्याची वाट निदान सापडू शकते.