विहीर तीच, पाणी तेच नव्हे

“चाळीस वर्षे याच विहिरीचे पाणी पितो आहे, मला काही झाले नाही.” पिंप्राळ्यात ज्या घरी अजून विहीर वा कूपनलिका आहे, तेथील वडीलधाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य सहज येते. ते खोटेही नसते. मात्र चाळीस वर्षांपूर्वी त्या विहिरीभोवती कपाशी-ज्वारीची शेते होती. आज तेथे भूखंड पडले आहेत, घरे उभी आहेत आणि अनेक घरांमागे शोषखड्डा आहे. विहीर जुनी आहे, पण ती ज्या जमिनीतून पाणी घेते ती जमीन आता वेगळी आहे.

जमिनीखाली पाण्याचे तळे साचलेले असते, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात भूजल सतत सरकत असते. फ्रान्समधील दिजाँ येथे हेन्री डार्सी या अभियंत्याने 1856 मध्ये वाळूने भरलेल्या नळीतून पाणी सोडून त्याचा नियम मांडला: पातळीतील उतार जितका अधिक आणि थर जितका मोकळा, तितका प्रवाह अधिक. साधारणतः हे पाणी जमिनीच्या उताराने ओढ्याकडे, नदीकडे जाते. पिंप्राळ्याच्या पश्चिमेस गिरणा आहे, तिला मिळणारे नाले आहेत. आपल्या अंगणातून पावसाचे पाणी कोणत्या दिशेला वाहते, हे घरातील आजोबांना ठाऊक असते. त्या दिशेच्या उलट, म्हणजे चढाच्या बाजूला, काय आहे ते प्रथम पाहावे. गोठा, उकिरडा, शोषखड्डा, कचऱ्याचा ढीग यांपैकी काहीही तेथे असले, तर ते आपल्या विहिरीचे शेजारी समजावे.

मात्र एवढ्यावर विसंबता येत नाही. वैशाखात कूपनलिका तासन्‌तास चालते, तेव्हा तिच्याभोवती पाण्याची पातळी खोलगट होते आणि चारही बाजूंचे पाणी तिच्याकडे ओढले जाते. उताराच्या बाजूचा शोषखड्डाही मग निर्धोक राहत नाही. त्यात आपल्या जिल्ह्याच्या बऱ्याच भागात काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ आहे. वाळूचा जाड थर पाणी गाळतो, कातळाची भेग मात्र गाळत नाही. तिच्यातून आलेली घाण बऱ्याच अंतरावरही तशीच पोहोचू शकते. शोषखड्डा विहिरीपासून पन्नास फूट असावा असे म्हणतात. ते किमान अंतर आहे, ती हमी नव्हे.

पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी हे सोसले आहे. शहराचा कचरा वर्षानुवर्षे तेथे पडत राहिला, त्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याने विहिरी नासल्या आणि गावकऱ्यांना टँकरवर अवलंबून राहावे लागले. ढीग झाकता येतो, उपसून वेगळाही करता येतो, परंतु खाली उतरलेले दूषित पाणी स्वच्छ होण्यास वर्षे लागतात. म्हणूनच वापरात नसलेल्या विहिरीत कचरा टाकण्याची आपली सवय मला सर्वांत घातक वाटते. तसे केल्याने घाण मातीत न गाळताच थेट भूजलात जाते.

आता घरातील माणसांविषयी. वाढत्या वयात तहान कमी जाणवते. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू असेल, तर दोन दिवसांचे जुलाबही वृद्धास आडवे करतात. तरुणास जे पोट बिघडणे वाटते, ते सत्तरीच्या आजीला रुग्णालयात नेऊ शकते. असे झाल्यास जलसंजीवनी सुरू करावी आणि हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

दुसरा धोका नायट्रेटचा. त्याला रंग नाही, वास नाही. खते, शेणखत आणि सांडपाणी यांतून तो पाण्यात उतरतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. सहा महिन्यांच्या आतील बाळाचे दूध अशा पाण्यात कालवले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. ओठ आणि नखे निळसर दिसतात. नातवंडाची बाटली अनेक घरांत आजीच भरते, म्हणून हे तिला ठाऊक असलेच पाहिजे. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्याने तो अधिक दाट होतो. तुरटी, क्लोरीन किंवा केवळ अतिनील किरणांचे यंत्र यांचाही त्यावर उपाय चालत नाही. बाळासाठी दुसरे, तपासलेले पाणी वापरावे.

विहिरीला कठडा, सिमेंटचा ओटा आणि झाकण असावे, कूपनलिकेचे तोंड जमिनीपासून उंच व घट्ट बंद असावे. पिंप्राळ्याचा रथ आषाढी एकादशीला निघतो, त्याच सुमारास पहिल्या मोठ्या सरी वरची घाण खाली नेतात. त्या दिवसांत पाणी उकळूनच प्यावे. रासायनिक तपासणी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर, अशी वर्षातून दोनदा करावी. जळगावातील भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात याची चौकशी करता येते. नमुना घेण्यापूर्वी पंप पाचदहा मिनिटे चालू द्यावा. जंतुतपासणीसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली घ्यावी आणि ती थंड ठेवून त्याच दिवशी पोहोचवावी.

अहवाल आला की तो आजोबांच्या औषधांच्या चिठ्ठ्यांसोबत, त्याच फायलीत ठेवावा. पुढच्या वेळी डॉक्टरांनी “पाणी कुठले पिता?” असे विचारले, तर तो कागद पुढे करता येईल.