मराठवाड्यातील जुन्या रेडिओ व दूरचित्रवाणी संचांचा संग्रह

जुन्या रेडिओ व दूरचित्रवाणी संचांचा संग्रह म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारे रेडिओ, आरंभीचे ट्रान्झिस्टर आणि कृष्णधवल दूरचित्रवाणी संच मिळवणे, दुरुस्त करणे व जतन करणे. बीड जिल्हा इ.स. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे येथील नभोवाणीचा इतिहास मुंबई-पुण्याहून वेगळा आहे.

== पार्श्वभूमी ==
हैदराबाद येथून इ.स. १९३५ मध्ये निजाम सरकारचे डेक्कन रेडिओ हे केंद्र सुरू झाले. संस्थानचे दुसरे केंद्र औरंगाबाद येथे होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शस्त्रसंधीची घोषणा नभोवाणीवरूनच केली. हाच दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. इ.स. १९५० मध्ये ही दोन्ही केंद्रे आकाशवाणीत विलीन झाली.

रेडिओ बाळगण्यासाठी टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे. ही पद्धत १९८० च्या दशकात रद्द झाली. परवान्याच्या पुस्तिकेवर मालकाचे नाव, गाव व शुल्काच्या नोंदी असल्याने संचाइतकीच ती पुस्तिकाही संग्राहकांना मोलाची वाटते. संच कोणत्या गावात व केव्हा वापरात होता, हे सांगणारा तो बहुधा एकमेव लेखी पुरावा असतो.

== रेडिओ संच ==
मर्फी, फिलिप्स, बुश, एचएमव्ही आणि नॅशनल एको हे संच महाराष्ट्रात विशेष परिचित होते. मर्फीचा भारतातील कारखाना ठाण्यात होता. वीज न पोहोचलेल्या गावांसाठी बॅटरीवर चालणारे व्हॉल्व्ह संच बनवले जात. त्यांना तंतू तापवण्यासाठी सुमारे १.५ व्होल्ट आणि प्लेटसाठी सुमारे ९० व्होल्ट असा दुहेरी पुरवठा लागे. ही बॅटरी महाग असे व ती संपली की संच मुका होई. १९६० च्या दशकात ट्रान्झिस्टर साध्या टॉर्चच्या सेलवर चालू लागल्यावर असे संच झपाट्याने अडगळीत गेले. त्यामुळे ग्रामीण भागातील बॅटरी संच विजेवर चालणाऱ्या संचांपेक्षा अधिक लक्षपूर्वक शोधावे लागतात.

== दूरचित्रवाणी संच ==
मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. इ.स. १९७५-७६ मधील ‘साइट’ या उपग्रह प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांना सामुदायिक संच देण्यात आले. कर्नाटकातील गुलबर्गा त्यात होते, महाराष्ट्र नव्हता. लहान शहरांपर्यंत दूरदर्शन पोहोचले ते प्रामुख्याने १९८० च्या दशकातील लघुशक्ती प्रक्षेपकांमुळे. लाकडी झडपांचे कृष्णधवल संच याच काळातील आठवणींत येतात. दूरदर्शनचे भूस्थित ॲनालॉग प्रक्षेपण आता जवळपास सर्वत्र बंद झाले आहे. म्हणून दुरुस्त केलेल्या संचावरही चित्र आणायचे तर मॉड्युलेटर जोडावा लागतो. मध्यम लहरींचा रेडिओ मात्र आजही थेट वापरता येतो.

== दुरुस्ती व धोके ==
अनेक वर्षे पडून असलेला संच ‘चालतो का पाहू’ म्हणून थेट विजेला जोडणे ही सर्वांत सामान्य व सर्वांत महाग पडणारी चूक होय. जुने कागदी कपॅसिटर गळके झालेले असतात व इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असतात. त्यांमुळे व्हॉल्व्ह व ट्रान्सफॉर्मर जळू शकतात. जाणकार आधी हे भाग बदलतात आणि मग एकसरीत बल्ब जोडून पुरवठा देतात. एसी-डीसी प्रकारच्या संचात ट्रान्सफॉर्मर नसल्याने धातूची चासी थेट विजेशी जोडलेली असू शकते. दूरचित्रवाणीच्या चित्रनलिकेत संच बंद केल्यावरही हजारो व्होल्टचा भार उरतो, आणि ती नलिका फुटल्यास काचा वेगाने उडतात.

== बाजार ==
मुंबईचा चोर बाजार व पुण्याचा जुना बाजार येथे असे संच मिळतात. पुरातन वस्तू कायदा, १९७२ सामान्यतः किमान शंभर वर्षे जुन्या वस्तूंना लागू असल्याने बहुतेक रेडिओ अद्याप त्याच्या कक्षेबाहेर आहेत. भंगारात गेलेल्या संचातून प्रथम ट्रान्सफॉर्मरचे तांबे काढले जाते. उरलेल्या पेटीत नवा स्पीकर बसवून ती ‘जुना रेडिओ’ म्हणून विकली जाते. मागील झाकण उघडून व्हॉल्व्हच्या बैठका व मूळ चासी जागेवर आहेत की नाही, एवढे पाहिल्यास हा प्रकार लगेच ओळखू येतो.