दूर राहूनही घरची गाठ सुटते

घर म्हटले की भांड्याला भांडे लागणारच. पण रोजच खटके उडू लागले, बोलणे बंद झाले, तर काय करावे? अशा वेळी शिकलेल्या, जाणत्या माणसाची मदत घेता येते. त्याला समुपदेशक म्हणतात. तो निवाडा करीत नाही. कोणाची बाजू घेत नाही. तो सगळ्यांचे ऐकतो आणि एकमेकांचे ऐकायला लावतो.

पूर्वी त्यासाठी शहर गाठावे लागे. आता फोनवर एकमेकांची तोंडे पाहत ही बैठक होते. त्याचीच माहिती आम्ही आज देत आहोत.

समजा, आईबाप गावी आणि मुलगा-सून पुण्याला. मुलगा गावी पैसे पाठवतो, त्यावरून तेढ पडली. चौघे बैठकीला बसले. सून बोलली. मग समुपदेशक सासूबाईंना म्हणतो, "सूनबाई काय म्हणाल्या, ते तुमच्या शब्दांत सांगा बरे." सांगता सांगता सासूबाईंना कळते, की सून पैसे देऊ नका म्हणत नाही; मला सांगून द्या, एवढेच म्हणते. अर्धी गाठ तिथेच सुटली!

बैठकीपूर्वी एवढे करा. फोन हातात धरू नका. डब्याला टेकवून ठेवा, म्हणजे सगळे दिसतील. दार लावून घ्या. एकाने बोलावे, बाकीच्यांनी ऐकावे. दोघे एकदम बोलले, तर एकाचेही कळत नाही. मध्येच रेंज गेली, तर कोणत्या नंबरावर बोलायचे, ते आधीच ठरवा. विचारल्यावाचून कोणाचे बोलणे फोनमध्ये भरून ठेवू नका.

एक मात्र ध्यानात ठेवा. घरात मारहाण होत असेल, तर अशी एकत्र बैठक कामाची नाही. मारणारा शेजारीच बसला असता बाई खरे कसे बोलणार? आणि फोन बंद झाल्यावर तिच्या पाठीशी कोण? तिने एकटीने १८१ वर फोन करावा. जिवावर बेतले, तर ११२ वर.

मन फार खचले असेल, तर सरकारची टेलिमानस सेवा आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर १४४१६. ती रात्रंदिवस चालते. पैसे पडत नाहीत. मराठीतही बोलता येते.

पाय मुरगळला, तर आपण दवाखान्यात जातोच ना? मग मने दुखावली, तर मदत मागायला लाज कसली?