सीमेवरचा जवान, घरातला कागद

जोखमीच्या जागी नोकरी करणाऱ्या सैनिकाला जादा पैसे मिळतात, हे सर्वांना ठाऊक असतं. पण त्या जोखमीवर सही-शिक्का कोण मारतं आणि नोंद चुकली तर मागे राहिलेल्या घराचं काय होतं, याची कल्पना किती कुटुंबांना असते?

मुलगा फौजेत भरती झाला की घरात पेढे वाटले जातात. सातारा जिल्ह्यातल्या मिलिटरी अपशिंगेसारख्या गावात तर ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे 46 जवान कामी आले. अशा गावांतल्या सासवा-सुनांना युद्ध म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मात्र युद्धाचे, सीमेवरच्या नोकरीचे पैसे कोणत्या नियमाने मिळतात, हे विचारलं तर बहुतेकजणी म्हणतात, ''ते सगळं यांनाच माहीत!''

नेमकी इथेच चूक होते. कारण ज्या दिवशी ही माहिती सर्वांत जास्त लागते, त्या दिवशी ती सांगायला 'हे' घरी नसतात.

जोखमीचं मोल कसं ठरतं?

पुण्याच्या किंवा बेळगावच्या छावणीत नोकरी करणारा जवान आणि सियाचीनच्या बर्फात पहारा देणारा जवान यांचा मूळ पगार सारखाच असतो. फरक पडतो तो भत्त्यांमुळे. फील्ड एरिया, अतिउंचीचा प्रदेश, दहशतवादविरोधी मोहीम अशा प्रत्येकासाठी वेगळा भत्ता आहे.

सातव्या वेतन आयोगाने या भत्त्यांसाठी एक तक्ता सुचवला. धोक्याच्या तीन पायऱ्या आणि हालअपेष्टांच्या तीन पायऱ्या, असे मिळून नऊ चौकोन. कोणती नोकरी कोणत्या चौकोनात बसते, त्यावर भत्ता ठरतो. सियाचीन मात्र या नऊ चौकोनांतही मावलं नाही. त्याच्यासाठी सर्वांत वर एक वेगळा चौकोन करावा लागला. आयोगाने तिथे अधिकाऱ्यांना दरमहा 31 हजार 500 आणि जवान व जेसीओंना 21 हजार रुपये सुचवले होते. सरकारने ते वाढवून अनुक्रमे 42 हजार 500 आणि 30 हजार केले. 1 जुलै 2017 पासून हे दर लागू झाले. त्यापूर्वी हेच आकडे 21 हजार आणि 14 हजार होते.

पार्ट टू ऑर्डर : छोटा कागद, मोठं काम

जवान बर्फावर पोहोचला म्हणजे भत्ता आपोआप सुरू होतो, असं नाही. कोणता भाग कोणत्या श्रेणीत येतो, हे सरकार आधी आदेशाने ठरवतं. मग जवान त्या भागात अमुक तारखेला दाखल झाला, याची नोंद त्याच्या युनिटला करावी लागते. ही नोंद ज्या आदेशात छापली जाते, तो 'पार्ट टू ऑर्डर'. फौजी घरांत हा शब्द लहान मुलांच्याही कानावरून गेलेला असतो.

युनिटमधून ही नोंद रेकॉर्ड ऑफिसकडे आणि पगार करणाऱ्या लेखा कार्यालयाकडे जाते. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांची ही कार्यालयं बेळगावला आहेत. अधिकाऱ्यांचा पगार पुण्याच्या लेखा कार्यालयातून होतो. तिथे बसलेल्या लेखापालाने सियाचीन पाहिलेलं नसतं. त्याच्यापुढे असतो तो फक्त कागद. कागदावर तारीख असेल तर पैसे, नसेल तर नाहीत. बदली, रजा, प्रशिक्षण यांच्या तारखाही अशाच कळवल्या जातात. नोंद उशिरा पोहोचली तर भत्ता अडकतो आणि परत आल्याची नोंद राहून गेली तर जादा गेलेले पैसे पुढच्या पगारातून कापले जातात. घरचं बजेट कोलमडतं ते अशा वेळी.

मरण एकच, रकाने वेगळे

भत्त्याची चूक दोन-चार महिन्यांत दुरुस्त होऊ शकते. पण जवान परतलाच नाही तर?

गावच्या वेशीवर फलक लागतो, त्यावर 'शहीद' असं लिहिलेलं असतं. सैन्याच्या कागदपत्रांत मात्र हा शब्दच नाही. तिथे दोन शब्द आहेत : 'बॅटल कॅज्युअल्टी' आणि 'फिजिकल कॅज्युअल्टी'. पहिला युद्धात किंवा मोहिमेत कामी आलेल्यांसाठी, दुसरा इतर कारणांनी गेलेल्यांसाठी. या दोन शब्दांमधलं अंतर विधवेच्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचतं.

संरक्षण मंत्रालयाच्या 31 जानेवारी 2001 च्या आदेशाने मृत्यूचे 'ए' ते 'ई' असे पाच वर्ग केले. नोकरीशी संबंध नसलेला मृत्यू असेल तर साधं कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. नोकरीमुळे झालेला आजार किंवा कर्तव्यावरचा अपघात असेल तर विशेष कुटुंब निवृत्तिवेतन आणि दहशतवाद्यांचा हल्ला, शत्रूची कारवाई किंवा सरकारने जाहीर केलेली मोहीम असेल तर उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन.

समजा, जवानाचा शेवटचा पगार निवृत्तिवेतनाच्या हिशेबात 40 हजार रुपये धरला गेला. उदारीकृत निवृत्तिवेतन म्हणजे हे पूर्ण 40 हजार. विशेष म्हणजे त्याच्या 60 टक्के, 24 हजार. साधं म्हणजे सुरुवातीची काही वर्षं वाढीव दराने आणि पुढे 30 टक्के, अवघे 12 हजार. महागाई भत्ता त्यावर वेगळा. हा फरक एका महिन्याचा नाही, जन्मभराचा आहे!

एकरकमी अनुदानाचंही तसंच. 2016 च्या दरांप्रमाणे कर्तव्यावरच्या अपघाती मृत्यूसाठी 25 लाख, सीमेवरच्या चकमकीतल्या मृत्यूसाठी 35 लाख आणि युद्धात शत्रूच्या कारवाईत आलेल्या मृत्यूसाठी 45 लाख रुपये ठरले. ठरावीक अतिउंच, दुर्गम चौक्यांवर निसर्गाच्या कोपाने मृत्यू आला तर तिथेही 35 लाख.

ही शेवटची तरतूद का लागली, ते सियाचीन सांगतं. एप्रिल 1984 मध्ये 'ऑपरेशन मेघदूत'ने भारतीय सैन्य तिथे पोहोचलं. तेव्हापासून तिथे गोळीपेक्षा थंडी, हिमकडे आणि विरळ हवा यांनीच जास्त बळी घेतले आहेत. फेब्रुवारी 2016 मध्ये सोनम चौकीवर हिमकडा कोसळला आणि दहा जवान गाडले गेले. त्यात सातारा जिल्ह्यातला एक नर्सिंग असिस्टंटही होता. तिथे शत्रूने एकही गोळी झाडली नव्हती.

जवळजवळ बारा वर्षांची पायपीट

जानेवारी 2013. जम्मू-काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेजवळ एक नायक गस्तीच्या तुकडीबरोबर गेला होता. कडाक्याच्या थंडीत त्याला श्वास घेता येईना. हवामान इतकं खराब होतं की हेलिकॉप्टर येऊ शकलं नाही. साथीदारांनी त्याला चालत खाली आणलं, पण तोवर सारं संपलं होतं.

युनिटने आधी हा मृत्यू 'बॅटल कॅज्युअल्टी' म्हणून नोंदवला. पुढे वरच्या पातळीवर तो बदलून 'फिजिकल कॅज्युअल्टी' झाला. त्याच्या पत्नीला विशेष निवृत्तिवेतन मिळालं, उदारीकृत मात्र नाकारलं गेलं. तिने सशस्त्र दल न्यायाधिकरणात दाद मागितली. 2019 मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला, तर केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. अखेर डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील फेटाळलं. अशा स्त्रीला न्यायालयात खेचायलाच नको होतं, असं सुनावून तिला 50 हजार रुपये खर्चापोटी देण्याचा आदेशही दिला.

ती जिंकली, हे खरं. पण तोवर जवळजवळ बारा वर्षं निघून गेली होती. पहिलीत असलेलं मूल एवढ्या काळात कॉलेजात जातं!

कडक नियम हवेतच, पण...

याचा अर्थ पडताळणीच नको, असा नाही. हा सरकारी तिजोरीतला, म्हणजे जनतेचा पैसा आहे. प्रत्येक मृत्यू 'युद्धातला' म्हटला तर ज्याने छातीवर गोळी झेलली त्याच्यावर अन्याय होईल. म्हणूनच जखमेचा किंवा मृत्यूचा अहवाल तातडीने जातो, चौकशी न्यायालय बसतं, साक्षी घेतल्या जातात आणि डॉक्टरांचं मत नोंदवलं जातं.

प्रश्न आहे तो शंकेच्या जागेचा. जो अधिकारी घटनास्थळी होता त्याचं म्हणणं दूरच्या टेबलावर का बदलावं? आणि बदलायचंच असेल तर त्याची कारणं त्या घराला स्पष्ट शब्दांत का कळू नयेत?

2022 पासून भरती होणाऱ्या अग्निवीरांनाही हे लागू आहे. त्यांना निवृत्तिवेतन नाही. 48 लाखांचा विमा प्रत्येकाला आहे, पण 44 लाखांचं अनुदान आणि चार वर्षांपैकी उरलेल्या काळाचा पगार मृत्यू नोकरीमुळे झाल्याचं ठरलं तरच मिळतो. म्हणजे तिथेही निवाडा कागदाचाच!

घरच्यांनी काय करावं?

* लग्न आणि मुलांचा जन्म यांची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये झाली आहे ना, याची खात्री करा. नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख आधार कार्डाशी जुळायला हवी.

* पती सुट्टीवर आले की पगाराची स्लिप एकत्र बसून वाचा. कोणता भत्ता कशाचा, ते विचारून घ्या. यात संकोच कसला?

* सैनिक क्रमांक, रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता, बँकेची आणि विम्याची कागदपत्रं एका फायलीत ठेवा. ती फाइल कुठे आहे, ते सासू-सासऱ्यांनाही माहीत असू द्या.

* जवान जखमी झाला तर जखमेचा अहवाल तयार झाला का, ते विचारा. त्या वेळी किरकोळ वाटलेली जखम पुढे अपंगत्व ठरू शकते.

* दुर्दैवी प्रसंग ओढवलाच तर मृत्यू कोणत्या वर्गात नोंदवला, हे लेखी विचारा. चौकशी न्यायालयाच्या अहवालाची आणि शवचिकित्सेच्या अहवालाची प्रत मागा. गरज पडल्यास माहितीच्या अधिकाराचा वापर करा.

* निर्णय पटला नाही तर आधी खात्याकडे अपील करा, मग सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जा. त्याचं एक पीठ मुंबईत आहे. उशीर करू नका. उशिरा दाद मागणाऱ्यांना थकबाकी साधारणपणे मागच्या तीन वर्षांचीच मिळते.

* अर्ज कसा लिहायचा, हे कळत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. मुलांच्या शिक्षणाच्या सवलतींचीही तिथेच चौकशी करा.

जवान आपलं काम चोख करतो, बर्फात उभा राहून, रात्र जागून. त्याने केलेल्या कामाची नोंद तितकीच चोख व्हावी, एवढीच त्याच्या घराची अपेक्षा असते. ती नोंद करणाऱ्या कारकुनाने आणि तिच्यावर सही करणाऱ्या साहेबांनी एवढंच लक्षात ठेवावं की, समोरचा कागद म्हणजे कुणाच्या तरी घरची चूल आहे.