दावणीचे बारा महिने

माणदेशातल्या शेतकऱ्याच्या घरी पाहुणा आला, की घोंगड्यावर टेकता टेकता विचारपूस सुरू होते. पोरेबाळे बरी आहेत ना, म्हातारीचा गुडघा कसा आहे, हे झाले की लगेच पुढचा प्रश्न येतो : "आणि जनावरं?" शहरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा नुसता बोलण्याचा भाग वाटेल. पण त्या घरात रात्रीच्या भाकरी जशा माणसे मोजून थापतात, तशा वैरणीच्या पेंड्या तोंडे मोजून टाकाव्या लागतात. माणसे सहा आणि दावणीला चार, म्हणजे खाणारी तोंडे दहा. अशा घराचे वर्ष कसे जाते, आणि गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत त्या वर्षाचे काय झाले, याचा आज थोडा विचार करू.

प्रथम हा मुलूख पाहा. सातारा, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांच्या सीमेवर माण, आटपाडी, सांगोला हे तालुके आहेत. मधून माणगंगा वाहते. वाहते म्हणण्यापेक्षा वर्षातून काही दिवस वाहते. सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला माण तालुक्यात पाचशेची भरती होणेही कठीण. सह्याद्रीचा घाटमाथा ढगांचे पाणी अलीकडेच उतरवून घेतो, आणि पलीकडे उरतो तो वारा. जो काही भरवशाचा पाऊस येतो तो परतीचा, भाद्रपद-आश्विनातला.

अशा रानात टिकली ती खिल्लार गाय. पांढरा-करडा रंग, लांब मागे वळलेली टोकदार शिंगे, काटक बांधा आणि स्वभाव तापट. दूध म्हणाल तर बेताचेच. दिवसाला दोन-तीन लिटर निघाले तरी पुष्कळ. आणि जुनी रीत अशी की दोन सड वासराला, दोन घराला. ही गाय दुधासाठी पाळलेलीच नव्हती. ती पाळायची खोंडासाठी. खिल्लार बैल चालायला चपळ, उन्हाला न हटणारा, म्हणून पश्चिम महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात त्याला मागणी असे.

आता हिशेब करू. बेताच्या अंगाची गाय दिवसाला आठ-नऊ किलो तरी कोरडी वैरण खाते. वर्षातले सहा महिने ती कडब्यावर काढायची म्हटली, तर दीड टनाच्या वर कडबा लागतो. दीड किलोची पेंडी धरली तर हजार पेंड्या झाल्या. कोरडवाहू मालदांडी ज्वारीचा कडबा बऱ्या सालात एकरी टन-दीड टन मिळतो. म्हणजे एका जनावरामागे एकर-सव्वा एकर रान नुसत्या वैरणीला गेले! चार जनावरांच्या घराला किती रान हवे, ते आपणच पाहा. या हिशेबाला धरूनच घरातली लग्ने, शिक्षणे, दुखणीखुपणी चालत असत.

पंचांगात वर्ष पाडव्याला सुरू होते. गोठ्यात ते मृगाला सुरू होते असे धरू. पाऊस पडण्याआधी गोठ्याचे छप्पर शाकारायचे, घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी टोचून घ्यायच्या, उकिरड्यातले खत रानात नेऊन टाकायचे. हे दिवस बाहेरून उत्साहाचे दिसतात, पण गोठ्यात ते ओढीचे असतात. जुना कडबा सरत आलेला, नवे गवत उगवायचे आहे. आणि उगवले तरी धोका असतोच. उन्हाळाभर कोरडे चघळलेले जनावर कोवळ्या पाल्यावर तुटून पडते आणि त्याचे पोट फुगते. पाण्याविना खुरटलेली कोवळी ज्वारी तर विषारी असते. म्हणून गुरांमागे जाणाऱ्या पोराला पहिला धडा हाच मिळतो : कोणत्या रानात जनावर घालायचे नाही.

आषाढात बेंदूर येतो. आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे तेल-हळदीने चोळतात. दुसऱ्या दिवशी जू नाही, चाबूक नाही. शिंगे रंगवतात, झूल घालतात, पुरणपोळीचा घास भरवतात आणि संध्याकाळी वाजतगाजत मिरवणूक निघते. शहरात आपण या सणाची चित्रे पाहतो आणि कौतुक करतो. कौतुक करावेच, पण एक ध्यानात घ्या, हा सण पेरणीचे जड काम उरकल्यावर येतो. राबणाऱ्याची सुट्टी पंचांगात लिहून ठेवण्याचा तो मार्ग आहे.

श्रावण-भाद्रपदात माळ हिरवा झाला की घराला थोडी उसंत मिळते. जनावरे दिवसभर चरून भरल्या पोटाने परततात. आणि येथे निसर्गाचा एक हिशेब पाहण्यासारखा आहे. गाईचा गाभणकाळ साधारण नऊ महिने नऊ दिवसांचा. पावसाळ्यात अंग धरलेली गाय दिवाळीच्या सुमाराला फळते, आणि तेथून नऊ महिने मोजले तर ती विते श्रावणाच्या आसपास, म्हणजे पुन्हा हिरव्या चाऱ्याच्या तोंडावर. चीक येतो, घरात खरवस शिजतो आणि शेजारी वाटला जातो. सगळ्याच गाई असे वेळापत्रक पाळत नाहीत हे खरे, पण जी पाळते तिचे वासरू चांगले पोसते.

आश्विनात रब्बीची पेरणी. माणदेशाचे खरे पीक हेच. या दिवसांत घरातले सगळे हात रानात असतात, आणि बैल असला तर पेर वेळेवर होते. पेर आटोपली की दिवाळी. तिची सुरुवात वसुबारसेला गाय-वासराच्या पूजेने होते, आणि त्या दिवशी अनेक घरांतल्या बायका गाईचे दूधतूप खात नाहीत, ते वासराचे.

त्यानंतर बाजाराचा हंगाम. पंढरपूरला कार्तिकीचा बाजार, खरसुंडीला सिद्धनाथाच्या पौषी यात्रेचा बाजार, आणि सांगोल्याला तर दर रविवारी. खोंडाचे दात पाहून वय ठरते : आदत, दोनदाती, चारदाती. जुन्या रीतीने दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव करतात. पाहणाऱ्याला आकडा कळत नाही. पण घरी वाट पाहणाऱ्यांना तो आधीच ठरवून ठेवलेला असतो. थोरलीचे लग्न, विहिरीचा गाळ किंवा धाकट्याची फी, यांपैकी काहीतरी त्या खोंडाच्या पाठीवर असते. तीन वर्षे वाढवलेले जनावर दुसऱ्याच्या हाती देऊन माणूस नुसता कासरा घेऊन परत येतो, तेव्हा त्या रात्री घरात बोलणे कमीच होते.

माघ-फाल्गुनात ज्वारी निघते. धान्य कणगीत जाते आणि कडब्याची गंज रचली जाते. गंज रचणे हे कसबाचे काम. ढिली रचली तर पाणी शिरते आणि सगळी वैरण काळी पडते. गावातला जाणता माणूस दुसऱ्याची गंज पाहून त्याचे वर्ष कसे जाणार ते सांगतो.

आणि मग चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. या तीन महिन्यांत त्या घराची खरी परीक्षा असते. आडाचे पाणी तळाला जाते. गंज रोज एका हाताने खाली येते. कुटुंबप्रमुख मनाशी मोजतो : पेंड्या इतक्या, दिवस इतके. हिशेब जुळत नसला तर कोणते जनावर काढायचे? भाकड गाय काढावी, तर तीच उद्या गाभण राहणारी. खोंड काढावा, तर उन्हाळ्यात सगळेच विकायला निघालेले आणि भाव पडलेले. अशा वेळी घरात दोन मते होतात. विकणारा पुरुष असतो. पण त्या गाईला रोज पाणी दाखवणारी आणि तिच्या अंगावरचे गोचीड वेचणारी बाई असते. तिचे मत कोठे लिहिले जात नाही.

सगळाच पाऊस चुकला तर हा प्रश्न एका घराचा राहत नाही. 1972 च्या दुष्काळाच्या आठवणी जुनी माणसे अजून सांगतात. 2012-13 आणि 2018-19 या सालांत माणदेशात चारा छावण्या उभ्या राहिल्या. त्या छावण्यांत जनावरांबरोबर माणसेही राहिली. दावणीशेजारी कापडाचा आडोसा, तेथेच चूल, तेथूनच पोरांची शाळा. गाय सोडून घरी झोपणे त्यांना जमले नाही, कारण ती गेली तर पुढच्या वर्षी घरी परतूनही उपयोग नव्हता.

आता या वर्षात झालेला बदल पाहू. तो दोन बाजूंनी आला.

एक बाजू बैलाची. ट्रॅक्टर आला आणि नांगराच्या बैलाची गरज घटली. ज्या खोंडासाठी गाय पाळायची त्यालाच गिऱ्हाईक कमी झाले. शर्यतीच्या खोंडाला मात्र भाव होता. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद झाल्या, 2021 च्या डिसेंबरात अटींवर त्यांना परवानगी मिळाली, आणि 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. दरम्यान 2015 पासून राज्यातली गोहत्याबंदी बैलांनाही लागू झाली, त्यामुळे थकलेल्या बैलाचे काय करायचे हा प्रश्न मालकाच्या दारातच राहिला. त्यातच 2022 मध्ये लम्पीची साथ आली आणि जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले.

दुसरी बाजू दुधाची. 1967 मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे 'बाएफ' ही संस्था स्थापन केली आणि संकरित गाईंचा प्रसार खेड्यापाड्यांत नेला. 1970 पासून देशात दुग्धविकासाची मोठी योजना सुरू झाली. गावोगाव दूध संकलन केंद्रे निघाली. खिल्लारीच्या जागी जर्सी आणि होल्स्टीन रक्ताची संकरित गाय आली, दहा-पंधरा लिटर दूध देणारी. दर दहा दिवसांनी दुधाचे बिल हातात येऊ लागले. दुकानदाराची उधारी फिटू लागली, मुली कॉलेजात येऊ लागल्या. माझ्या वर्गातल्या कितीतरी विद्यार्थ्यांची फी दुधाच्या बिलातून आलेली असते. हे उपकार विसरून जुन्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.

परंतु या गाईने एक गोष्ट घरातून नेली, ती म्हणजे ऋतू. खिल्लारीच्या वर्षाला चढउतार होता. ओढीचे महिने होते तसे उसंतीचेही होते. संकरित गाईला बेंदूर नाही आणि दिवाळी नाही. पहाटे साडेचारला शेणघाण, मग आंबोण, मग धार, साताच्या आत दूध केंद्रावर. दुपारी साडेतीनला पुन्हा तेच. चैत्रातल्या चाळीस अंशांच्या उन्हात ती धापा टाकते, तिला पाणी मारावे लागते. दर एकवीस दिवसांनी ती माजावर आली का, यावर नजर ठेवावी लागते. एक पाळी चुकली की तीन आठवड्यांचा खर्च अंगावर. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस असे सारखे झाले.

आणि हे काम पडले कोणावर? पुरुष मोटारसायकलवर किटली घेऊन केंद्रावर जातो, म्हणून दूध त्याच्या नावावर मोजले जाते. त्याआधीचे आणि नंतरचे बहुतेक काम घरातल्या बाईचे. पूर्वीची सून दिवाळीला आठ दिवस माहेरी जात असे. भाकड दिवसांत सासू गोठा सांभाळी. आजच्या सुनेला माहेरचे लग्न सकाळी गाठून दुपारच्या धारेला परत यावे लागते, कारण गाय अनोळखी हाताला पान्हा सोडत नाही. दुधाच्या दरावर आपण सभा घेतो, आणि ते रास्तच आहे. पण त्या दरात या पहाटेची मजुरी धरलेली असते का, हे विचारले पाहिजे.

यावर उपाय नाहीत असे नाही. पहिला मुरघासाचा. मक्याचे कणीस दुधात असताना चारा कापून, कुट्टी करून, हवा न राहील असा दाबून ठेवला तर साधारण दीड महिन्यात तो तयार होतो आणि उन्हाळ्यापर्यंत टिकतो. टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी आटपाडी-सांगोल्याच्या काही भागांत आणले आहे. तेथे हे सहज शक्य आहे. दुसरा मोकळ्या गोठ्याचा. जनावरे दावणीला न बांधता कुंपणात मोकळी ठेवली आणि आतच पाण्याची टाकी केली, तर रोजचे शेण काढणे आणि पाणी दाखवणे पुष्कळ कमी होते. तिसरा अगदी साधा आहे : दुधाचे खाते गोठा सांभाळणाऱ्या बाईच्या नावावर असावे, आणि घरातल्या निदान आणखी एका माणसाने, मग तो मुलगा असो की नवरा, धार काढायला शिकावे. गाईला दोन हातांची ओळख असली तर एका माणसाला दोन दिवस मोकळे होता येते.

बेंदूर ठरवणाऱ्या आपल्या पूर्वजांना बैलाची सुट्टी पंचांगात घालावीशी वाटली. गोठा सांभाळणाऱ्या बाईची सुट्टी मात्र अजून कोणत्याच पंचांगात नाही. ती कोणत्या तिथीला घालायची, हे ज्याच्या त्याच्या घराने ठरवावे. पण ठरवावे जरूर.