नव्या ग्रुपसेटसाठी थांबावं का?

शिमानोच्या १०५ या ग्रुपसेटची पिढी साधारण दर चार वर्षांनी बदलत आली आहे: २०१०, २०१४, २०१८ आणि २०२२. त्यामुळे रोड बाइक घ्यायला निघालेल्या माणसाला कोणत्याही वर्षी कुणीतरी "थांब, नवीन येतंय" असं सांगू शकतं, आणि ते बऱ्याचदा खरंही असतं. शिफ्टर, डिरेलर, क्रँक, कॅसेट, चेन आणि ब्रेक हा सगळा संच म्हणजे ग्रुपसेट. सायकलच्या किमतीत त्याचा वाटा मोठा, म्हणून निर्णयही तिथेच अडकतो. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. जे झिजतं आणि बदलता येतं, त्यासाठी थांबू नये. जे फ्रेमबरोबर कायमचं गळ्यात पडतं, त्यासाठी मात्र खुशाल थांबावं.

२०२१ मध्ये थांबलेल्यांचं काय झालं

ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस शिमानोने ड्युरा-एस आणि अल्टेग्रा हे वरचे दोन्ही ग्रुपसेट १२ गिअरचे केले. दोन्ही फक्त इलेक्ट्रॉनिक होते, केबलवर चालणारा पर्याय ठेवला नव्हता. साहजिकच मधल्या किमतीच्या सायकलीवर डोळा ठेवून असलेल्यांना वाटलं, आता १०५ ची पाळी, काही महिने दम धरू. २०२२ च्या मध्यावर १०५ आला खरा, पण तोही इलेक्ट्रॉनिक, म्हणजे डीआय-टू. साधा, केबलचा, १२ गिअरचा १०५ यायला २०२३ चा मध्य उजाडला.

काही महिन्यांसाठी म्हणून थांबलेल्या माणसाची अशी जवळजवळ दोन वर्षं गेली. त्यातच कोविडनंतरच्या तुटवड्याचा काळ होता. मागणी नोंदवलेली सायकलसुद्धा वेळेवर हाती पडत नव्हती.

थांबण्याची खरी किंमत इथे दिसते. महाराष्ट्रात पाऊस ओसरला की लांब पल्ल्याच्या राइड्स आणि ब्रेव्हे, म्हणजे ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या राइड्स, सुरू होतात. २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे एकाच हंगामात पूर्ण केल्या की सुपर रँडोनिअर होता येतं. ज्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या मोठ्या ब्रेव्हेसाठी ही मालिका पूर्ण करावी लागते, ती चार वर्षांतून एकदाच होते, २०२३ नंतर थेट २०२७ मध्ये. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. थांबे धरून ताशी सरासरी १५ किलोमीटरही पडत नाहीत. हा वेग गाठायला तयारीचे महिने लागतात, बारावा गिअर लागत नाही.

दाते मोजून पाहा

"१२ गिअर म्हणजे घाट सोपा" हा समज इतका पसरला आहे की त्याच्याकडे नीट पाहायला हवं. २०१८ च्या पिढीचा १०५, म्हणजे आर-७०००, ११ गिअरचा. त्याच्याबरोबर मिळणाऱ्या ११-३४ कॅसेटच्या कॉगचे दाते असे: ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २५, २७, ३०, ३४. नव्या १२ गिअरच्या आर-७१०० ची ११-३४ कॅसेट अशी: ११, १२, १३, १४, १५, १७, १९, २१, २४, २७, ३०, ३४. पुढे दोन्हीकडे ५०-३४ ची चेनरिंग धरू.

सर्वांत हलका गिअर दोन्हींत एकच, पुढे ३४ आणि मागे ३४. म्हणजे सिंहगडाच्या चढावर शेवटच्या गिअरमध्ये दोन्ही सायकली पायाला सारख्याच जड. नव्या कॅसेटमध्ये १२ आणि १४ दात्यांचे कॉग वाढले, आणि २३-२५ ही जोडी जाऊन तिथे एकटा २४ आला. मिनिटाला ९० वेळा पेडल फिरवलं तर ५०-१४ वर वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास असतो, ५०-१२ वर ४७ च्या. शर्यतीत गटाने पळणाऱ्याला हे दोन कॉग मनापासून हवेहवेसे वाटतील. पण एकट्याने २७ ते ३३ च्या वेगात जाणारा रायडर याच पेडलिंगला २१, १९ आणि १७ दात्यांवर असतो, आणि ते तिन्ही कॉग दोन्ही कॅसेटमध्ये जसेच्या तसे आहेत. उलट चढावर लय सांभाळताना २१, २३, २५, २७ अशी जुन्या कॅसेटची बारीक पायरी २१, २४, २७ पेक्षा जास्त सोयीची. घाटापुरतं बोलायचं तर मागची पिढी इथे किंचित सरस ठरते, आणि हे मी ठामपणे म्हणतो.

नव्या १०५ ला ११-३६ ची कॅसेटही मिळते. तिने शेवटचा गिअर साडेपाच टक्क्यांच्या आसपास हलका होतो. घाटात खरोखर दमछाक होत असेल तर पुढची चेनरिंग लहान असलेली सायकल पाहावी. शिमानोच्या जीआरएक्स मालिकेत २०१९ पासून ४६-३० ची क्रँक आहे. ३० पुढे आणि ३४ मागे केलं की गिअर सुमारे १२ टक्क्यांनी हलका होतो, म्हणजे पिढीबदलाच्या दुपटीहून जास्त फायदा. पंचेचाळिशीनंतर सायकल सुरू करणाऱ्यांना मी हाच पर्याय सुचवीन.

ज्यासाठी थांबणं योग्य

ब्रेकचा प्रकार फ्रेम आणि फोर्क ठरवतात. रिम ब्रेकच्या फ्रेमला नंतर डिस्क ब्रेक लावता येत नाहीत. व्यावसायिक रोड शर्यतींमध्ये डिस्क ब्रेकला २०१८ च्या जुलैपासून पूर्ण मान्यता मिळाली आणि त्यानंतर कंपन्यांनी आपलं बळ तिकडेच वळवलं. १२ गिअरच्या १०५ चे ब्रेक फक्त हायड्रॉलिक डिस्क आहेत. आपल्याकडे याला आणखी जवळचं कारण आहे. जुलैत ताम्हिणी किंवा वरंधा उतरताना ओली रिम पकड घ्यायला वेळ लावते, आणि तेवढ्यात वळण येतं. पावसात घाट उतरणार असाल आणि हातातल्या पैशांत आज फक्त रिम ब्रेकची सायकल बसत असेल, तर सहा महिने आणखी साठवा.

टायरच्या जागेचंही तसंच. रिम ब्रेकच्या आर-७००० चा कॅलिपर २८ मिलिमीटरपर्यंतच्या टायरसाठी आहे, तर आजच्या बहुतेक डिस्क ब्रेकच्या फ्रेममध्ये ३२ सहज बसतो. आपल्या रस्त्यांवर या चार मिलिमीटरचा फरक मनगटांना आणि पाठीला कळतो.

सर्वांत वर मात्र माप. दुकानात ५४ ची फ्रेम नाही म्हणून सवलतीतली ५६ ची घरी आणू नका. स्टेम बदलून थोडीफार सारवासारव होते, फ्रेम काही लहान होत नाही. योग्य मापासाठी तीन महिने थांबावं लागलं तरी थांबा.

कमी किमतीच्या गटात थांबण्याला आणखी एक सबळ कारण आहे. क्लॅरिस, सोरा आणि टियाग्रा अनुक्रमे ८, ९ आणि १० गिअरचे, आणि त्यांची सध्याची रूपं २०१५ ते २०१७ दरम्यानची. या तिघांची जागा घेण्यासाठी शिमानोने क्यूज ही मालिका आणली. २०२५ मध्ये ती रोड बाइकच्या वळलेल्या हँडलसाठीही जाहीर झाली. क्यूजमध्ये ९, १० आणि ११ गिअरसाठी चेन एकच चालते, आणि कॅसेटचे दाते जास्त टिकावेत असे घडवले आहेत. पण तिचे शिफ्टर आणि डिरेलर सोरा-टियाग्राशी जुळत नाहीत. इथे नव्याकडे वळणं म्हणजे पुढच्या सगळ्या सुट्या भागांची वाट बदलणं. तुमच्या मापाची, हायड्रॉलिक ब्रेकची क्यूज सायकल डीलर नक्की तारखेला देत असेल, तर सोरासाठी घाई करू नका.

दुरुस्ती कुठे होणार

पुणे-मुंबईत १२ गिअरची चेन मिळते. तालुक्याच्या गावी ८ गिअरची मिळण्याची आशा तरी असते. लांबच्या राइडवर चेन तुटली तर हा फरक दिवस वाचवतो किंवा घालवतो. गिअर वाढले की चेन अरुंद होते. ११ आणि १२ गिअरची चेन अर्धा टक्का ताणली गेली की बदलणं श्रेयस्कर, नाहीतर महागडी कॅसेटही तिच्याबरोबर झिजत जाते. नवा ग्रुपसेट बाजारात आल्याआल्या घेणाऱ्याला सुरुवातीचे महिने सुटे भाग शोधण्यात घालवावे लागू शकतात. म्हणून गावातल्या मेकॅनिकला आधी भेटा. त्याने हायड्रॉलिक ब्रेक ब्लीड केले आहेत का, म्हणजे त्यांतली हवा काढली आहे का, डीआय-टू हाताळलंय का, हे विचारा. तो काय म्हणतो त्याला मी समीक्षांपेक्षा जास्त वजन देतो.

एक दिलासा देणारी गोष्टही आहे. १२ गिअरची १०५ कॅसेट ११ गिअरच्या रोड फ्रीहबवर, म्हणजे मागच्या चाकाच्या ज्या भागावर कॅसेट चढते त्यावर, बसते. त्यामुळे आज ११ गिअरची सायकल घेतली आणि चार वर्षांनी अपग्रेड करावंसं वाटलं, तर चांगली चाकं फेकावी लागत नाहीत. ११ चे शिफ्टर आणि १२ चा डिरेलर असा संसार मात्र जमत नाही. ते सगळं एकत्रच बदलावं लागतं.

किमतीसाठी थांबणं

हे थांबणं मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं, कारण त्यात तारीख आणि रक्कम दोन्ही हातात असतात. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेने सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा कर १२ वरून ५ टक्के करायचं ठरवलं, आणि २२ सप्टेंबरपासून तो लागू झाला. करापूर्वी १ लाख रुपये किमतीच्या सायकलीवर हा फरक ७ हजारांचा. त्या तीन आठवड्यांत थांबलेल्याने शंभर टक्के बरोबर केलं.

नवी पिढी जाहीर झाली की दुकानदाराला जुना साठा हलवायचा असतो. तेव्हा भाव करायला संकोच करू नका. सवलत द्यायला तो तयार नसेल, तर बदल्यात पेडल, बॉटल केज आणि पहिल्या वर्षाची सर्व्हिसिंग मागा.

मागच्या पिढीची सायकल घेताना

वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरली जाईल, हे लेखी घ्या. दीड-दोन वर्षं दुकानात उभ्या असलेल्या सायकलीचे टायर बोटाने दाबून बाजूने पाहा. रबराला बारीक भेगा दिसल्या तर नवे मागा. हायड्रॉलिक ब्रेकचा लिव्हर दाबल्यावर स्पंजासारखा लागत असेल तर सायकल ताब्यात घेण्याआधी ब्लीड करून घ्या. केबलला गंज आहे का पाहा. कोकणात आणि गोव्यात तर हे हमखास तपासावं.

आणि डिरेलर ज्या छोट्या तुकड्याने फ्रेमला जोडलेला असतो, तो हँगर जास्तीचा एक घेऊन ठेवा. सायकल उजव्या बाजूला पडली की तोच वाकतो, बहुतेक फ्रेमचा हँगर वेगळा असतो, आणि मॉडेल बंद झाल्यावर तो शोधणं फार कठीण जातं.